लिनक्सवर तापमानाच्या सेन्सरची पक्की ओळख कशी बांधावी

नाशिकमधील अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान मशीन शॉपमधला संगणक एका मे महिन्यात रोज दुपारी तीनच्या सुमारास आपोआप बंद पडू लागला. तापमानावर नजर ठेवणारी स्क्रिप्ट त्यावर मीच बसवली होती आणि तिच्या नोंदीत प्रोसेसरचे तापमान सकाळपासून ४१ अंशांच्या आसपास स्थिर होते, त्यामुळे पहिला दिवस मी वीजपुरवठ्यावर संशय घेण्यात घालवला. कॅबिनेट उघडले तेव्हा हीटसिंकच्या पात्यांमध्ये लोखंडाचा बारीक कीस आणि कूलंटचा चिकट थर इतका साचला होता की पलीकडचा उजेडही दिसत नव्हता. स्क्रिप्ट ‘एचडब्ल्यूमॉन२’ नावाच्या फोल्डरातून आकडा वाचत होती. सेन्सर असलेल्या प्रत्येक भागासाठी लिनक्स असे एक क्रमांकाचे फोल्डर बनवते. आठवड्यापूर्वी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अद्ययावत झाल्यावर तो क्रमांक एसएसडीकडे गेला होता आणि स्क्रिप्ट एसएसडीचे तापमान वाचून त्यापुढे ‘प्रोसेसर’ असे इमानेइतबारे लिहीत होती.

त्यानंतर नाशिकमध्ये ज्या ज्या लिनक्स यंत्रांना हात लावला, त्यांतल्या अनेकांवर हीच चूक निरनिराळ्या रूपांत आढळली, म्हणून सगळी प्रक्रिया क्रमाने लिहून काढत आहे. टप्प्यांचा क्रम बदलू नये, विशेषतः चौथा टप्पा गाळून पाचव्यावर जाऊ नये. कमांड, फाइल आणि मॉड्यूल यांची नावे येथे उच्चाराप्रमाणे नागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करावीत.

पूर्वतयारी

चार गोष्टी हाताशी ठेवाव्यात. पहिली म्हणजे वही, कारण मदरबोर्डचे मॉडेल, ‘यूनेम -आर’ या कमांडने दिसणारी कर्नलची आवृत्ती आणि पुढे सापडणारे पत्ते कोठेतरी संगणकाबाहेर लिहिलेले असावे लागतात. दुसरी म्हणजे खोलीचे तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर, जो चौथ्या टप्प्यात कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा अधिक उपयोगी पडतो. तिसरी म्हणजे ‘एलएम-सेन्सर्स’ हे पॅकेज (फेडोरावर मधल्या रेघेऐवजी अधोरेषा असते) आणि चौथी म्हणजे प्रोसेसरवर मुद्दाम भार टाकणारे ‘स्ट्रेस-एनजी’.

पंख्यांचा वेग नियंत्रित करणारी सेवा आधीपासून चालू असेल, तर ती थांबवावी आणि पंखे बायोसच्या (मदरबोर्डवरील अंगभूत प्रणालीच्या) ताब्यात द्यावेत. दोन नियंत्रक एकाच वेळी चालू असताना घेतलेल्या नोंदींवर विश्वास ठेवता येत नाही.

टप्पा १ : कालबाह्य साधने बाजूला काढणे

पुष्कळ यंत्रांवर ‘एचडीडीटेम्प’ हे डिस्कचे तापमान वाचणारे जुने साधन अजून आढळते. त्याची देखभाल केव्हाच थांबली आहे, अनेक वितरणांनी ते काढूनही टाकले आहे आणि एनव्हीएमई एसएसडी त्याला ओळखता येत नाही. त्याचे काम आता कर्नलमधला ‘ड्राइव्हटेम्प’ हा ड्रायव्हर करतो, जो २०२० साली आलेल्या ५.६ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. ‘पीसेन्सर’सारखी चित्ररूप साधने चालत असली तर चालू द्यावीत, पण त्यांच्या आकड्यांचा आधार घेऊन निर्णय करू नयेत.

जुन्या स्क्रिप्टचा प्रश्न वेगळा असतो. पूर्वी तापमानाच्या फाइली बहुतेक ड्रायव्हरांत एचडब्ल्यूमॉनच्या फोल्डरातील ‘डिव्हाइस’ या दुव्याच्या आत असत. आता त्या थेट एचडब्ल्यूमॉनच्या फोल्डरात असतात. जुनी स्क्रिप्ट आत शोधते, तिला काही सापडत नाही, आणि सापडले नाही हे सांगण्याऐवजी ती मुकाट्याने शून्य छापते. ‘/प्रॉक/एसीपीआय’मधून (एसीपीआय म्हणजे बायोस आणि लिनक्स यांच्यातला दुवा) तापमान वाचणारी स्क्रिप्ट दिसली, तर ती दुरुस्त करण्यात वेळ घालवू नये, ती नव्याने लिहावी.

तपासणी: स्वतःच्या सर्व स्क्रिप्ट, क्रॉनच्या (ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या सेवेच्या) नोंदी आणि डेस्कटॉपवरील पट्ट्यांच्या सेटिंग यांत ‘ग्रेप’ या शोधाच्या कमांडने ‘एचडब्ल्यूमॉन’ आणि ‘थर्मल_झोन’ हे शब्द शोधावेत. या शब्दांपुढे थेट अंक लिहिलेला असेल, ती प्रत्येक ओळ वहीत उतरवून घ्यावी. सहाव्या टप्प्यात याच ओळी बदलायच्या आहेत.

टप्पा २ : ड्रायव्हर जागेवर आणणे

रूट म्हणून, म्हणजे सर्वाधिकार वापरून, ‘सेन्सर्स-डिटेक्ट’ चालवावे आणि प्रत्येक प्रश्नाला फक्त एंटर दाबावे, म्हणजे त्याने सुचवलेले सुरक्षित उत्तरच दिले जाईल. हे साधन मदरबोर्डवरील चिप चाचपून पाहते आणि नको त्या बसवर चाचपणी केल्यास यंत्र गोठू शकते. म्हणून हौसेने सगळीकडे ‘हो’ म्हणू नये. शेवटी ते मॉड्यूलची, म्हणजे लोड करायच्या ड्रायव्हरांची, यादी सुचवते. या यादीला अंतिम समजणे ही सर्रास होणारी चूक आहे, कारण नव्या मदरबोर्डवरची चिप कर्नलला माहीत असून या साधनाला माहीत नाही, असे वारंवार घडते. त्याने ‘काही सापडले नाही’ म्हटले तरी ‘मॉडप्रोब एनसीटी६७७५’ एकदा करून पाहावे. गिगाबाइटच्या बऱ्याच बोर्डांवर आयटीई कंपनीची चिप असते, तेथे ‘आयटी८७’ करून पाहावे.

ड्राइव्हटेम्प स्वतःहून लोड होत नाही. ‘/ईटीसी/मॉड्यूल्स-लोड.डी’मध्ये त्याच्या नावाची एक ओळ असलेली फाइल ठेवावी लागते. काही हार्डडिस्क तापमान विचारल्यामुळे झोपेत जायचे टाळतात किंवा झोपेतून जाग्या होतात, त्यामुळे बॅकअपसाठी ठेवलेल्या डिस्कचे तापमान दर पाच सेकंदांनी वाचण्यात शहाणपण नाही.

इशारा: कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या डीमेसेजमध्ये एसीपीआयशी जागेचा वाद असल्याची ओळ दिसली, की इंटरनेटवर सर्वत्र कर्नलला ‘एसीपीआय_एन्फोर्स_रिसोर्सेस=लॅक्स’ देण्याचा सल्ला मिळतो. या पर्यायाने ड्रायव्हर लोड होतो हे खरे, पण मग बायोस आणि ड्रायव्हर एकाच चिपशी एकाच वेळी बोलू लागतात. पंखे ज्या चिपच्या हाती आहेत, तिच्याबाबत हा धोका मी पत्करत नाही. आधी कर्नल नवा करून पाहावा, कारण एसूसच्या अनेक बोर्डांसाठी नव्या कर्नलमध्ये डब्ल्यूएमआयचा, म्हणजे बायोसमार्फत वाचण्याचा, सुरक्षित मार्ग आलेला आहे.

टप्पा ३ : प्रत्येक सेन्सरचा पत्ता वाचणे

सगळ्या घोळाचे मूळ येथे आहे. ‘/सिस/क्लास/एचडब्ल्यूमॉन’मधील ०, १, २ हे क्रमांक ड्रायव्हर ज्या क्रमाने नोंदणी करतात, त्या क्रमाने वाटले जातात. बँकेत टोकन घेण्यासारखा हा प्रकार आहे: आज दोन क्रमांक आपल्याला मिळाला, उद्या आपल्या आधी कोणी आले तर तीन मिळेल. कर्नलच्या ६.११ या आवृत्तीत डीडीआर५ रॅमच्या तापमानासाठी ‘एसपीडी५११८’ हा ड्रायव्हर आला, तेव्हा रॅमच्या दोन पट्ट्या असलेल्या यंत्रांवर दोन नवी टोकने वाटली गेली आणि मागच्यांचे क्रमांक सरकू शकले. ‘थर्मल_झोन’पुढच्या अंकांचीही गत हीच आहे.

म्हणून प्रत्येक क्रमांकाच्या फोल्डरातील ‘नेम’ ही फाइल ‘कॅट’ने वाचावी आणि त्याच फोल्डराचा खरा मार्ग ‘रीडलिंक -एफ’ने काढावा. नेममध्ये ‘कोअरटेम्प’ असेल तर तो इंटेल प्रोसेसर, ‘के१०टेम्प’ असेल तर एएमडी प्रोसेसर, ‘एनसीटी६७९८’सारखे काही असेल तर मदरबोर्डची चिप, ‘एनव्हीएमई’ म्हणजे एसएसडी आणि ‘आयडब्ल्यूएलवायफाय’ने सुरू होणारे नाव म्हणजे इंटेलचे वायफाय कार्ड. ‘एसीपीआयटीझेड’ हा बायोसने सांगितलेला आकडा असतो. डेस्कटॉपवर तो कित्येकदा दिवसभर हलतही नाही, आणि नावात एसीपीआय आहे म्हणून लोक त्यालाच प्रोसेसरचे अधिकृत तापमान समजतात.

आता ‘सेन्सर्स’ ही कमांड चालवून तिची नावे या यादीशी जुळवावीत. ती ‘के१०टेम्प-पीसीआय-००सी३’ असे काही छापते आणि त्यातील शेपूट गूढ वाटते, पण ते साधे गणित आहे. एएमडी प्रोसेसरचा हा भाग पीसीआयवर बस ००, उपकरण १८, फंक्शन ३ या षोडशमान (सोळाच्या पायावरच्या) पत्त्यावर बसतो. षोडशमानातच १८ला आठने गुणून त्यात ३ मिळवले की सी३ येते. ‘एनसीटी६७९८-आयएसए-०२९०’मधील २९० हाही षोडशमान पत्ता असून दशमानात तो ६५६ होतो. म्हणूनच रीडलिंकने दाखवलेल्या मार्गात त्याच चिपचे फोल्डर ‘एनसीटी६७७५.६५६’ या नावाने दिसते. नावातील ६७७५ हा ड्रायव्हरचा आणि ६७९८ हा चिपचा क्रमांक आहे. ही दोन्ही नावे एकाच वस्तूची आहेत हे लक्षात न आल्यामुळे एकाच चिपला दोन सेन्सर समजून वहीत दोनदा उतरवणारे मी पाहिले आहेत.

दोन एसएसडी असतील तर दोघांचेही नेम ‘एनव्हीएमई’ असेच येते आणि नवे कार्ड बसवल्यावर पीसीआयचा बस क्रमांकही बदलू शकतो. एसएसडीची ओळख म्हणूनच अनुक्रमांकाने बांधावी. एचडब्ल्यूमॉनच्या फोल्डरातील ‘डिव्हाइस’ या दुव्यात ‘मॉडेल’ आणि ‘सीरियल’ या फाइली असतात, त्यातील सीरियल वहीत उतरवावा.

तपासणी: यंत्र तीनदा रीबूट करून यादी पुन्हा काढावी. क्रमांक बदलले तरी नाव आणि मार्ग तेच राहिले, तर आपण योग्य गोष्ट टिपली आहे. क्रमांक तीनही वेळा तेच आले म्हणून ते कायमचे आहेत, असे मात्र मानू नये. माझेही कित्येक महिने तेच आले होते.

टप्पा ४ : आकडा खरा आहे का, हे उष्णतेने पडताळणे

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. नाव आणि पत्ता बरोबर असूनही आकडा निरर्थक असू शकतो, कारण मदरबोर्डच्या चिपला जितक्या वायरी जोडण्याची सोय असते, तितक्या बोर्ड बनवणारा जोडतोच असे नाही. न जोडलेल्या ठिकाणी ‘ऑक्सटिन’ या नावापुढे कधी १२७ अंश, तर कधी शून्याखाली साठ अंश दिसतात.

पहिली चाचणी थंड यंत्रावर करावी. रात्रभर बंद असलेले यंत्र सकाळी चालू करून लगेच ‘सेन्सर्स’ चालवावे आणि बाजूला थर्मामीटर ठेवावा. साध्या पंख्याने थंड होणाऱ्या यंत्रात कोणताही भाग खोलीपेक्षा थंड असू शकत नाही. नाशिकला जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि मे महिन्याच्या दुपारी ४० च्या जवळ जातो, त्यामुळे ही चाचणी दोन्ही ऋतूंत केली तर खोटे सेन्सर पटकन उघडे पडतात. जो आकडा थंडीत २८ आणि उन्हाळ्यातही २८ राहतो, तो सेन्सर नसून भिंतीवरचे चित्र आहे.

दुसरी चाचणी भाराची. एका टर्मिनलमध्ये ‘वॉच -एन १ सेन्सर्स’ चालू ठेवून दुसऱ्यात ‘स्ट्रेस-एनजी --सीपीयू ०’ दोन मिनिटांसाठी चालवावे. येथील शून्याचा अर्थ सर्व कोअर असा आहे. प्रोसेसरच्या आतला सेन्सर दोन-चार सेकंदांतच उडी मारतो आणि भार काढताच तितक्याच वेगाने खाली येतो. मदरबोर्डवरचा सेन्सर मात्र काही मिनिटे घेऊन रेंगाळत चढतो. ‘सीपीयूटिन’ असे नाव असलेला आकडा रेंगाळत असेल किंवा हलतच नसेल, तर त्याच्या नावावर न भुलता कोअरटेम्प किंवा के१०टेम्पचा आकडा प्रमाण मानावा. एसएसडीसाठी एखादी मोठी फाइल वाचून ‘/डेव्ह/नल’मध्ये टाकत राहावी आणि ‘कॉम्पोझिट’ हा आकडा चढतो का ते पाहावे.

पंख्यांची ओळख पटवण्यासाठी यंत्र बंद करून कॅबिनेटचा एक पंखा काढावा, पुन्हा चालू करावे आणि कोणत्या ‘फॅन’पुढे शून्य येते ते टिपावे. प्रोसेसरचा पंखा या कामासाठी काढू नये.

एएमडीच्या प्रोसेसरवर ‘टीसीटीएल’ आणि ‘टीडाय’ असे दोन आकडे दिसू शकतात. टीडाय हे खरे तापमान, तर टीसीटीएल हा पंख्यांच्या नियंत्रणासाठीचा आकडा आहे. रायझन १६००एक्स, १७००एक्स आणि १८००एक्स यांवर तो खऱ्या तापमानापेक्षा २० अंशांनी आणि २७००एक्सवर १० अंशांनी जास्त असतो. मालकाने तो पाहून थर्मल पेस्ट तीनदा बदललेले एक यंत्र माझ्याकडे आले होते. त्यात काहीही बिघडलेले नव्हते.

टप्पा ५ : सेन्सरला समजेल असे नाव देणे

‘/ईटीसी/सेन्सर्स३.कॉन्फ’ या मूळ फाइलला हात लावू नये. पॅकेज अद्ययावत होताना त्यातील बदलांचा गोंधळ होतो. त्याऐवजी ‘/ईटीसी/सेन्सर्स.डी’ या फोल्डरात स्वतःची फाइल करावी आणि तिच्यात चौथ्या टप्प्यात खऱ्या ठरलेल्या सेन्सरना नाव द्यावे, खोट्यांना झाकावे. फाइलचा आकार साधा असतो:

चिप "एनसीटी६७९८-आयएसए-*"
लेबल टेम्प१ "मदरबोर्ड"
लेबल फॅन२ "पुढचा पंखा"
इग्नोर टेम्प४

क्रमांक आपल्या वहीतले वापरावेत, माझे उतरवू नयेत. दुसऱ्याच्या बोर्डाची फाइल जशीच्या तशी उचलण्याचा मोह आवरावा, कारण एकाच चिपच्या वायरी दोन बोर्डांवर वेगळ्या ठिकाणी जोडलेल्या असतात. लेबल लगेच लागू होते; ‘सेट’ने एखादी मर्यादा बदलली असेल, तर मात्र रूट म्हणून ‘सेन्सर्स -एस’ चालवावे लागते. ही नावे एलएम-सेन्सर्सच्या लायब्ररीमार्फत वाचणाऱ्या कार्यक्रमांनाच दिसतात. ‘/सिस’मधली फाइल थेट वाचणाऱ्या स्क्रिप्टला त्यांचा पत्ताही नसतो, म्हणून पुढचा टप्पा वेगळा करावा लागतो.

टप्पा ६ : स्क्रिप्ट पत्त्याशी बांधणे

आधी दोन चुकीचे उपाय, कारण तेच सर्वाधिक वापरले जातात. यूडेव्ह या उपकरणे ओळखणाऱ्या सेवेच्या नियमात ‘सिमलिंक’ (दुवा) लिहून एचडब्ल्यूमॉनला कायमचे नाव देण्याचा प्रयत्न बरेच जण करतात. तो नियम फक्त ‘/डेव्ह’मध्ये फाइल असलेल्या उपकरणांना लागू होतो आणि एचडब्ल्यूमॉनची तेथे फाइलच नसते, त्यामुळे काहीही घडत नाही आणि चूकही दाखवली जात नाही. दुसरा उपाय मॉड्यूल ठरावीक क्रमाने लोड करण्याचा. त्याने काही काळ क्रमांक जुळतात, पण कर्नलमध्येच बांधलेले ड्रायव्हर त्या यादीला विचारत नाहीत आणि पुढच्या अद्ययावतीत सगळे पुन्हा विसकटते.

खरा उपाय पत्त्याचा आहे. मार्गाचा बदलणारा भाग फक्त शेवटी येतो, म्हणून तेवढ्यापुरती चांदणी वापरावी:

/सिस/डिव्हायसेस/प्लॅटफॉर्म/कोअरटेम्प.०/एचडब्ल्यूमॉन/एचडब्ल्यूमॉन*/टेम्प१_इनपुट

वेबार या डेस्कटॉपवरील पट्टीत यासाठी ‘एचडब्ल्यूमॉन-पाथ-ॲब्स’ आणि ‘इनपुट-फाइलनेम’ अशी दोन सेटिंग वेगळी दिलेली आहेत, त्यांचाच वापर करावा. स्वतःची स्क्रिप्ट असेल, तर तिने सर्व एचडब्ल्यूमॉन फोल्डरांतून फिरून आधी नेम, मग पत्ता किंवा सीरियल जुळवावा आणि त्यानंतर ‘टेम्प_लेबल’ फाइली वाचून हवे ते लेबल असलेला क्रमांक निवडावा. इंटेलवर ‘पॅकेज आयडी ०’ हे लेबल शोधावे. कोअरचे क्रमांक सलग असतात असे धरू नये, नव्या मिश्र कोअरच्या प्रोसेसरवर ते ०, ४, ८ असे उड्या मारत जातात. अनेक यंत्रांवर हा व्याप करायचा असेल, तर ‘सेन्सर्स -जे’ने जेसनमध्ये माहिती घेणे सर्वांत सोपे जाते, कारण त्यात चिपचे नाव आणि पत्ता आधीच जोडलेले मिळतात.

तापमान अंशाच्या हजाराव्या भागात येते, म्हणजे ५२,००० चा अर्थ ५२ अंश. व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये आणि वीज मायक्रोवॉटमध्ये येते. हजाराने भागायचे विसरलेली स्क्रिप्ट लगेच पकडली जाते. वीजही दहा लाखांऐवजी हजारानेच भागणारी मात्र वर्षभर लपून राहू शकते.

इशारा: मार्ग एकदा शोधून कायमचा साठवू नये. मॉड्यूल काढून पुन्हा घातले तर यंत्र चालू असतानाही क्रमांक बदलतो, म्हणून फाइल वाचता आली नाही की शोध पहिल्यापासून करावा.

टप्पा ७ : पंख्यांचे नियंत्रण, लागणार असेल तरच

बायोसमधील पंख्यांची सोय पुरेशी असेल, तर हा टप्पा सोडून द्यावा. माझा कल बहुतेक वेळा तिकडेच असतो. पंख्यांच्या सेटिंगची फाइल तयार करणारे ‘पीडब्ल्यूएमकॉन्फिग’ चालवताना ते पंखे एकेक करून थांबवून पाहते, त्यामुळे त्या वेळी यंत्रावर कोणताही भार नसावा. तयार होणाऱ्या ‘/ईटीसी/फॅनकंट्रोल’ फाइलमध्ये एचडब्ल्यूमॉनचे क्रमांकच असतात, पण जोडीला ‘डेव्हपाथ’ आणि ‘डेव्हनेम’ या ओळी असतात. क्रमांक सरकला की फॅनकंट्रोल ही पंखे चालवणारी सेवा या ओळी ताडून पाहते आणि फाइल जुनी झाल्याचे सांगून सुरू होण्यास नकार देते. हा नकार म्हणजे सुरक्षेची कडी आहे. काही जण वैतागून या दोन ओळी हाताने हव्या तशा लिहितात आणि मग एसएसडीच्या तापमानावर प्रोसेसरचा पंखा फिरू लागतो. पीडब्ल्यूएमकॉन्फिग पुन्हा चालवावे.

स्वतःच्या स्क्रिप्टने पंखा फिरवायचा असेल, तर ‘पीडब्ल्यूएम१_इनेबल’मध्ये १ लिहिल्यावर पंखा पूर्णपणे आपल्या ताब्यात येतो आणि स्क्रिप्ट मध्येच मेली तर तो शेवटच्या वेगावर अडकून राहतो, हे ध्यानात ठेवावे. बंद पडताना मूळची किंमत परत लिहिण्याची व्यवस्था सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीच्या ‘एक्झेकस्टॉपपोस्ट’मध्ये करावी, स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीवर विसंबू नये.

टप्पा ८ : धोक्याची सूचना आणि पुढची देखभाल

सूचना देणाऱ्या स्क्रिप्टमध्ये तीन वेगळ्या अवस्था हव्यात: तापमान ठीक आहे, तापमान जास्त आहे, आणि सेन्सर सापडत नाही. तिसऱ्या अवस्थेला शून्य अंश समजू नये. तिचीही सूचना पहिल्या मिनिटात यावी. बूट होताना ड्रायव्हरची नोंदणी व्हायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यासाठी अर्ध्या मिनिटापर्यंत पुन्हा प्रयत्न करण्याची मुभा ठेवावी.

याशिवाय सपाटपणाची एक सूचना मी आता प्रत्येक ठिकाणी घालतो. प्रोसेसरवरचा भार दुप्पट झाला आणि दहा मिनिटांत तापमान दोन अंशही हलले नाही, तर स्क्रिप्ट निरोप पाठवते. अंबडच्या त्या संगणकावर ही एक अट असती, तर कर्नल बदलला त्याच दिवशी संध्याकाळी मला कळले असते.

कर्नल किंवा बायोस अद्ययावत केल्यावर, आणि नवे कार्ड अथवा डिस्क बसवल्यावर, तिसऱ्या टप्प्यातील यादी पुन्हा काढून वहीतल्या यादीशी ताडावी आणि दोन मिनिटांची भाराची चाचणी घ्यावी. वही कॅबिनेटच्या आत ठेवू नये; मी एकदा ठेवली होती आणि तिचे एक पान पंख्यात गेले.